अटल भूजल योजना : गावाच्या हाती भूजलाचा हिशेब

विहिरीचे पाणी आटले की शेतकरी ती खोल करतो. खोल करूनही भागले नाही तर आडवी छिद्रे मारतो, आणि तरीही पाणी लागले नाही तर बांधाच्या कोपऱ्यात विंधन विहीर घेतो. शेजाऱ्याच्या मोटारीचा आवाज कानी पडत असताना यांपैकी कोणतीही कृती त्याला गैर वाटत नाही, आणि वैयक्तिक दृष्ट्या पाहिले तर ती गैर नसतेही. मात्र दोघांच्या विहिरींखालचा पाण्याचा साठा एकच असतो. साठा सामायिक आणि उपसा खासगी, या विसंगतीवर उपाय शोधण्याचा केंद्र सरकारचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे 'अटल भूजल योजना' होय. २५ डिसेंबर २०१९ रोजी, माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या जयंतीदिनी, नवी दिल्लीत या योजनेचा प्रारंभ झाला. १ एप्रिल २०२० पासून पाच वर्षांसाठी ती आखण्यात आली. तिच्यासाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद होती आणि त्यातील निम्मी रक्कम जागतिक बँकेच्या कर्जातून उभी राहणार होती. गुजरात, हरियाणा, कर्नाटक, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या सात राज्यांतील ८० जिल्हे व २२९ तालुके योजनेच्या कक्षेत आले. ज्या पंजाबात भूजलाचा उपसा वार्षिक उपलब्धतेच्या दीडशे टक्क्यांहून अधिक आहे, ते राज्य मात्र या यादीत नव्हते, याचीही येथे नोंद घ्यावी लागेल.

पाण्याच्या सरकारी योजना म्हटल्या की धरण, कालवा, बंधारा, नळपाणी पुरवठा अशी बांधकामे डोळ्यांसमोर येतात. अटल भूजल योजनेचा मुख्य भर बांधकामावर नव्हता. गावाने पाऊस मोजावा, विहिरींची पातळी मोजावी, आलेल्या व उपसलेल्या पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि त्यावरून पुढच्या हंगामातील पिके ठरवावीत, हा तिचा गाभा. वरवर साधी वाटणारी ही कल्पना अमलात आणणे किती अवघड आहे, हे समजून घेण्यासाठी आधी भूजलावर मालकी कोणाची, या प्रश्नाकडे वळले पाहिजे.

जमीन ज्याची, पाणी त्याचे

नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यावर राज्याची सत्ता चालते. भूजलाचे तसे नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमीनमालकाला आपल्या हद्दीतील, निश्चित प्रवाहातून न वाहणारे भूगर्भातील पाणी गोळा करण्याचा व वापरण्याचा हक्क मान्य केला. मोट आणि रहाट यांच्या काळात या हक्कातून फारसे अनर्थ उद्भवण्याचे कारण नव्हते. बैलाच्या ताकदीला मर्यादा होती, त्यामुळे उपशालाही आपोआप मर्यादा पडत असे. विजेचा पंप आला आणि ती नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली. कायदा मात्र होता तेथेच राहिला. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचा पायाखालच्या पाण्यावर कसलाच हक्क नाही, आणि ज्याच्याकडे दोन गुंठे जमीन आहे तो तेथे खोल विंधन विहीर घेऊन अवघ्या शिवाराचे पाणी ओढू शकतो, अशी ही व्यवस्था आहे.

केंद्राने १९७० मध्ये भूजल नियमनाच्या आदर्श विधेयकाचा मसुदा राज्यांकडे पाठविला आणि पुढे त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्याही काढल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरण अस्तित्वात आले. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांचे रक्षण करणारा कायदा केला. सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर त्याने बंधन घातले. हा पाचशे मीटरचा नियम गावोगावी ऐकून सर्वांना ठाऊक होता, आणि पाळला जात नव्हता हेही सर्वांना ठाऊक होते. त्यानंतरचा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा अधिक व्यापक आहे. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जून २०१४ पासून लागू झाला. अधिसूचित क्षेत्रातील विहिरींवर नियंत्रण, साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध, विहिरींची नोंदणी आणि पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्यांची स्थापना अशा तरतुदी त्यात आहेत. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडेच राज्य भूजल प्राधिकरणाची जबाबदारी सोपविण्यात आली. त्याखालील नियमांचा मसुदा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर हरकतींचा पाऊस पडला. लाखो विहिरींवर पहारा ठेवू शकेल असे मनुष्यबळ कोणत्याही सरकारकडे नाही, आणि शेतकऱ्याच्या मोटारीला हात लावण्याचे धैर्य कोणत्याही पक्षात नाही. म्हणूनच नियमनाचे काम गावानेच स्वतःहून करावे, हा विचार धोरणकर्त्यांना आकर्षक वाटला असल्यास नवल नाही.

काळ्या पाषाणाची कोठी

महाराष्ट्राच्या सुमारे ८२ टक्के भूभागाखाली बेसॉल्ट, म्हणजे आपला नेहमीचा काळा पाषाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उद्रेकांतून वाहत आलेल्या लाव्हाचे हे एकावर एक साचलेले थर. गंगेच्या खोऱ्यात शेकडो मीटर खोल वाळू व गाळ आहे आणि त्याच्या कणाकणांत पाणी मुरते. आपल्याकडे पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधील सच्छिद्र भागात. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा खडकास जलधर म्हणतात. बेसॉल्टमधील जलधराची साठवणक्षमता त्याच्या घनफळाच्या जेमतेम एक ते तीन टक्के असते. पावसाळ्यात ही कोठी झटकन भरते, आणि उन्हाळ्यापर्यंत तितक्याच झटकन रिकामी होते.

या स्वरूपामुळे दोन गोष्टी घडतात. एक, साठा लहान असल्याने तो मोजणे तुलनेने सोपे आहे आणि एका हंगामातील चूक त्याच वर्षी दिसते. गावकऱ्यांच्या व्यवस्थापनाला ही बाब अनुकूल आहे. दोन, खोल गेल्यावर पाणी मिळेलच याची शाश्वती नसते. पाचशे-सातशे फूट खोल विंधन विहिरीत जे पाणी लागते ते अनेकदा वर्षानुवर्षे भेगांत साठलेले असते. एकदा उपसले की ते परत भरण्यास बराच काळ जातो. कित्येक शेतकऱ्यांची बचत अशा कोरड्या छिद्रांत गेली आहे. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाचा प्रदेश मात्र निराळा. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर व यावल या केळीच्या तालुक्यांत जलधर जाड आहे. तेथे पातळी एका वर्षात आटत नाही, ती वर्षागणिक थोडी थोडी खाली जात राहते. तोटा लगेच जाणवत नाही, हीच तेथील अडचण.

राज्याच्या भूजलाची मोजदाद करण्याचे काम १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. त्या दुष्काळाने महाराष्ट्राला विंधन विहीर आणि हातपंप यांची ओळख करून दिली. सोलापुरात विकसित झालेल्या हातपंपाच्या रचनेवरूनच पुढे देशभर पोहोचलेला 'इंडिया मार्क-२' घडला, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. यंत्रणेने राज्यभर निवडलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. पावसाळ्यानंतरच्या पातळीची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून कोणत्या तालुक्यांत टंचाई भासेल, याचा अंदाज बांधला जातो. ही माहिती अनेक दशके होती. पण ती प्रशासनाच्या टंचाई आराखड्यासाठी होती. ज्याची विहीर मोजली, त्या शेतकऱ्यापर्यंत ती क्वचितच पोहोचत असे.

आधीचे प्रयोग

सामुदायिक व्यवस्थापनाची कल्पना सरकारी कचेरीत जन्मली नाही. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्यांनी पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढला. दर माणशी अर्धा एकर आणि कुटुंबामागे जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके पाणी, मग त्या कुटुंबाची जमीन कितीही असो. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. उसाला पाणी नाही. १८८२ च्या कायद्याच्या नेमके उलट असे हे तत्त्वज्ञान होते. ते लोकांनी स्वखुशीने स्वीकारले, तेही मुख्यतः उपसा सिंचनाच्या पाण्यावर, जे सर्वांनी मिळून उचललेले होते. विहिरीच्या पाण्याबाबत इतकी उदारता अन्यत्र फारशी दिसली नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने विहिरींना हात घातला. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात तेथे पाणलोटाची कामे झाली. सिंचनासाठी विंधन विहीर घ्यायची नाही आणि ऊस-केळीसारखी पिके लावायची नाहीत, असे ग्रामसभेने ठरविले. पावसाळा संपताच पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचायचा आणि पाऊस कमी असेल तर रब्बीचे क्षेत्र त्या मानाने कमी करायचे, ही तेथील रीत आहे. अटल भूजल योजनेच्या आखणीत जे गाव मनात होते ते बहुधा असेच असावे. मात्र हिवरे बाजारमध्ये ताळेबंद शेवटी आला, आरंभी नव्हे. त्याआधी काही वर्षे श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांतून गावाला एकत्र निर्णय घेण्याची आणि तो पाळण्याची सवय लागली होती. सरकारी योजनेला पाच वर्षांच्या मुदतीत नेमकी ही सवय निर्माण करावयाची होती.

तिसरा प्रयोग आंध्र प्रदेशातला आणि आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने २००३ नंतर तत्कालीन आंध्र प्रदेशातील अनंतपूर, कर्नूल, मेहबूबनगर, नलगोंडा आदी सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी भूजल व्यवस्थापन हाती घेतले. शेतकरी स्त्री-पुरुष स्वतः दररोज पाऊस आणि दर पंधरवड्याला विहिरींची पातळी मोजत. रब्बीच्या आधी सगळी आकडेवारी भिंतीवर लावून चर्चा होई. कोणावर कसलीही सक्ती नव्हती, दंड नव्हता, पीक बदलण्यासाठी अनुदानही नव्हते. तरीही अनेकांनी भात कमी करून कमी पाण्याची पिके घेतली. जागतिक बँकेच्या २०१० च्या अभ्यासाने या प्रकल्पाची प्रशंसा केली, तेव्हा एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. शेतकऱ्यांनी पाणी वाचविले ते परोपकारबुद्धीने नव्हे. जानेवारीत विहीर कोरडी पडणार हे ऑक्टोबरातच कळल्यामुळे त्यांनी स्वतःचे नुकसान टाळले. मात्र प्रकल्प संपल्यावर काही वर्षांनी झालेल्या पाहणीत पुष्कळ ठिकाणी ही मोजणी थांबल्याचे दिसले.

योजनेची बांधणी

अटल भूजल योजनेने हा आंध्रचा धडा उचलला आणि त्याला पैशाची जोड दिली. ६,००० कोटींपैकी १,४०० कोटी रुपये संस्था बळकट करणे, मोजमापाची साधने आणि प्रशिक्षण यांसाठी, तर ४,६०० कोटी रुपये प्रोत्साहन म्हणून राखून ठेवले होते. प्रोत्साहनाचे पैसे आगाऊ मिळत नव्हते. ठरलेले काम झाल्याचे त्रयस्थ संस्थेने पडताळल्यावरच ते राज्याच्या हाती पडत. त्यासाठी पाच निकष होते. भूजलाची माहिती लोकांसमोर उघड करणे यास १० टक्के, गावांचे जलसुरक्षा आराखडे तयार करणे यास १५ टक्के, अन्य योजनांचा निधी एकत्र आणून त्या आराखड्यांतील कामे करणे यास २० टक्के, पाण्याची मागणी कमी करणाऱ्या पद्धती शेतात प्रत्यक्ष येणे यास ४० टक्के आणि भूजल पातळी घसरण्याचा वेग मंदावणे यास १५ टक्के, असे वजन देण्यात आले.

यातील ४० टक्क्यांचा आकडा महत्त्वाचा आहे. आजवरच्या बहुतेक योजना पाण्याचा पुरवठा वाढविण्याच्या होत्या. महाराष्ट्रात डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाचाही रोख नाला खोलीकरण, बंधारे, गाळ काढणे यांवरच होता. जमिनीत अधिक पाणी जिरविले आणि ते उपसण्यावर काही बंधन ठेवले नाही, तर जिरविलेले पाणी ज्याची मोटार मोठी त्याच्याकडे जाते. मागणीला हात घालणारी, आणि त्यालाच सर्वाधिक गुण देणारी, ही देशातील पहिली मोठी भूजल योजना होती असे म्हणावयास हरकत नाही.

महाराष्ट्रात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, नाशिक, अहमदनगर, जळगाव, जालना, लातूर, उस्मानाबाद (आताचा धाराशिव), अमरावती, बुलढाणा व नागपूर या १३ जिल्ह्यांतील ४३ तालुके निवडण्यात आले. अंमलबजावणीची सूत्रे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे होती. जिल्ह्यागणिक एका स्वयंसेवी संस्थेने गावांत जाऊन लोकांना प्रशिक्षण द्यावयाचे, ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने आराखडा करावयाचा आणि ग्रामसभेने तो मंजूर करावयाचा, अशी साखळी होती. गावांना पर्जन्यमापक, पातळी मोजण्याची साधने, पाण्याचे मीटर देण्यात आले. निरीक्षणासाठी विंधन विहिरी खोदून त्यांत आपोआप पातळी नोंदविणारी यंत्रे बसविण्यात आली. गावागावांत चुरस निर्माण व्हावी म्हणून राज्याने भूजल समृद्ध ग्राम स्पर्धाही घेतली. समित्यांत स्त्रियांचा सहभाग किमान एक तृतीयांश असावा, अशी अट होती. विहिरीवरून हंडा आणणारी व्यक्ती कोण, हे पाहता ती अट वाजवीच म्हटली पाहिजे.

ताळेबंद मांडायचा कसा?

कागदावरचा ताळेबंद समजावा म्हणून एक काल्पनिक गाव घेऊ. शिवार १,००० हेक्टरांचे, लोकसंख्या २,०००, गुरे १,००० आणि पाऊस ५०० मिलिमीटर. एवढ्या क्षेत्रावर पडणारे एकूण पाणी ५० लाख घनमीटर भरते. ऐकणाऱ्याला वाटते, गावाला काय तोटा! परंतु त्यातील बरेचसे बाष्प होऊन जाते, काही मातीत राहून खरिपाच्या कामी येते, काही ओढ्याने वाहून जाते. बेसॉल्टच्या प्रदेशात पावसाच्या साधारण दहा टक्के पाणी जलधरापर्यंत पोहोचते असे धरले, तर भूजल झाले ५ लाख घनमीटर. त्यातील पाच टक्के ओढ्या-झऱ्यांत नैसर्गिकरीत्या निघून जाईल. उरले पावणेपाच लाख. माणशी दररोज ५५ लिटरप्रमाणे गावाला वर्षभरात सुमारे ४० हजार घनमीटर लागतात आणि गुरांना सुमारे १५ हजार. हे वजा केल्यावर शेतीसाठी ४ लाख २० हजार घनमीटर शिल्लक राहतात.

आता खरा प्रश्न. मोकाट पाणी देऊन घेतलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला वीस हजार घनमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे गावातील सर्व शिल्लक पाणी केवळ २१ हेक्टर ऊस पिऊन टाकील. तेच पाणी रब्बी ज्वारीला सहा-सहा सेंटिमीटरच्या तीन पाळ्यांनी दिले, तर हेक्टरी १,८०० घनमीटर लागतील आणि २३३ हेक्टर भिजतील. एकीकडे मूठभर शेतकऱ्यांचे २१ हेक्टर, दुसरीकडे जवळजवळ प्रत्येक घराला थोडेफार येईल असे २३३ हेक्टर. ताळेबंदाच्या आकड्यांमागे असा वाटपाचा प्रश्न दडलेला असतो, आणि ग्रामसभेत तो आकड्यांच्या रूपाने प्रथमच उघडपणे समोर येतो.

पाऊस ३०० मिलिमीटरच झाला तर? हाच हिशेब पुन्हा केल्यास शेतीसाठी सुमारे २ लाख ३० हजार घनमीटर उरतात. पाऊस ४० टक्क्यांनी घटला, पण शेतीचा वाटा ४५ टक्क्यांनी. कारण पिण्याचे पाणी कमी करता येत नाही. प्रत्यक्षात कमी पावसाच्या वर्षी जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचे प्रमाणही कमी होते, तेव्हा घट याहून मोठी असते. दोन वर्षांतील हा फरक ऑक्टोबरात माहीत असणे आणि मार्चमध्ये उमगणे, यांत एका हंगामाचे बियाणे, खत आणि कर्ज यांचे अंतर आहे.

या हिशेबात ढोबळपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. दहा टक्के हे प्रमाण एका गावातही वरच्या माळाला आणि ओढ्याकाठाला सारखे नसते. उपशाचा आकडा तर बहुतेक ठिकाणी पंपांची संख्या आणि ते चालण्याचे तास यांच्या अंदाजावरून काढलेला असतो, कारण शेतीपंपाच्या वापराचे खात्रीशीर मोजमाप नाही. पण ढोबळ हिशेबही मुळीच हिशेब नसण्यापेक्षा बरा, आणि दरवर्षी मोजत गेले की तो सुधारतो.

ताळेबंद अडतो कोठे?

ठिबकचे उदाहरण घ्या. योजनेतील ४० टक्के गुण ज्या पद्धतींना होते, त्यांत सूक्ष्म सिंचन प्रमुख. ठिबकमुळे उसाची गरज वीसवरून बारा हजार घनमीटरवर आली असे समजा. गावाचे पाणी वाचले, असा निष्कर्ष आपण काढतो. शेतकरी काय करतो? तेवढ्याच पाण्यात २१ ऐवजी ३५ हेक्टर ऊस लावतो. त्याच्या दृष्टीने हे शहाणपणच आहे. जलधराच्या दृष्टीने काहीच वाचलेले नसते. क्षेत्रावर मर्यादा नसताना दिलेले ठिबकचे अनुदान हे बागायत वाढविण्याचे अनुदान ठरते, भूजल वाचविण्याचे नव्हे.

शेततळ्यांचे तसेच. पावसाचे वाहते पाणी अडविण्यासाठी शेततळे, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात डाळिंब-द्राक्षांच्या पट्ट्यांत प्लास्टिकचे अस्तर लावलेली मोठी तळी विहिरीतून आणि विंधन विहिरीतून पाणी उपसून भरली जातात. पावसाळ्यात सर्वांच्या जलधरात असलेले पाणी एकाच्या तळ्यात जाऊन बसते, आणि उन्हाळ्यात त्यातील बराच भाग उन्हाने उडून जातो. खासगी विमा म्हणून शेततळे उत्तम आहे. त्याचा हप्ता मात्र शेजाऱ्याच्या विहिरीतून भरला जातो.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्र्याच्या तालुक्यांतील अडचण आणखी वेगळी. हंगामी पिकाचे क्षेत्र ताळेबंद पाहून कमी करता येते. संत्र्याचे झाड पंधरा-वीस वर्षांचे असते. ज्या वर्षी पाऊस कमी त्याच वर्षी बाग जगविण्यासाठी अधिक खोलवरून उपसा होतो. अशा शेतकऱ्याला ग्रामसभेने 'या वर्षी क्षेत्र कमी करा' असे सांगणे म्हणजे उभी झाडे तोडा असे सांगणे होय. फळबागांच्या गावांना ताळेबंद लागवडीपूर्वी हवा होता. तो आला तेव्हा बागा उभ्या होत्या.

याशिवाय सरकारचा डावा हात एक सांगतो, उजवा दुसरेच करतो. जलशक्ती मंत्रालय गावाला उपसा कमी करण्यास सांगत असताना महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षे मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली. सौर पंपांना मोठे अनुदान आहे, आणि सौर पंपाला पाणी उपसण्याचा चालू खर्च जवळजवळ शून्य. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री पाणी द्यावयास जावे लागू नये हा हेतू रास्तच आहे. पण विजेचे बिल हा उपशावरील उरलासुरला लगाम होता. उसाला रास्त व किफायतशीर दर कायद्याने मिळतो. ज्वारी-करडईला हमीभाव जाहीर होतो, खरेदीदार सापडतोच असे नाही. या परिस्थितीत कोणत्याही शेतकऱ्याने ताळेबंदाकडे पाठ फिरविली तर त्याला दोष देणे अवघड आहे.

आणि गावाची वेस ही जलधराची वेस नसते. खडकाचा एकच थर तीन गावांखालून जात असेल तर वरच्या गावाने उपसा आवरल्याचा लाभ खालच्या गावातील बागाईतदाराला होऊ शकतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या कायद्यात पाणलोटनिहाय समित्यांची तरतूद आहे ती याच कारणाने. अटल भूजल योजनेने मात्र ग्रामपंचायत हे एकक धरले. निर्णय घेणारी निवडून आलेली संस्था तीच असल्याने ते व्यवहार्य होते, शास्त्रशुद्ध नव्हते.

यश कशाने मोजावे?

योजनेच्या पाचव्या निकषात पातळी वाढावी अशी अपेक्षा नव्हती. घसरणीचा वेग कमी व्हावा, इतकीच होती. ही अपेक्षा प्रामाणिक होती. तरीही तिचे मोजमाप पावसावर अवलंबून राहते. २०१९ ते २०२२ या काळात देशात पाऊस सरासरीइतका किंवा त्याहून अधिक झाला. २०२३ मध्ये तो कमी पडला आणि महाराष्ट्रात ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. २०२४ पुन्हा चांगले गेले. पाच वर्षांच्या कालावधीत पातळी वर आली असेल तर ती वरुणराजाने आणली की ग्रामसभेने, हे ठरविणे तज्ज्ञांनाही सोपे नाही.

देशपातळीवरील आकडे पाहिले तरी काळजीपूर्वक वाचावे लागतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०१७ च्या मूल्यांकनात ६,८८१ पैकी १,१८६ घटक, म्हणजे सुमारे १७ टक्के, अतिशोषित होते. २०२४ मध्ये ६,७४६ पैकी ७५१, म्हणजे सुमारे ११ टक्के. सुधारणा दिसते खरी. पण मधल्या काळात मूल्यांकनाच्या घटकांची रचना काही राज्यांत बदलली, हेही लक्षात ठेवावे. देशात २०२४ च्या मूल्यांकनानुसार वर्षाला सुमारे २४५ अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते आणि त्यातील ८७ टक्के शेतीत जाते. महाराष्ट्राची सरासरी उपशाची पातळी उपलब्धतेच्या निम्म्याच्या आसपास आहे. या सरासरीत कोकणातील अस्पर्श पाणीही आले आणि वरूडच्या आटलेल्या विहिरीही. तेव्हा तालुका, आणि खरे तर गाव, हीच पाहण्याची पातळी आहे.

अशा वेळी पातळीपेक्षा वर्तनाकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. ऑक्टोबरातील ग्रामसभेत ताळेबंद वाचला गेला का? वाचल्यावर कोणी प्रश्न विचारला का? कमी पावसाच्या २०२३ मध्ये रब्बीचे क्षेत्र आदल्या वर्षीपेक्षा घटले का, की तेवढ्याच पेऱ्यानंतर टँकर मागविला गेला? ही माहिती गावच्या पीकपाहणीच्या नोंदींत आणि टँकरच्या प्रस्तावांत आहे. ती आराखड्याशेजारी ठेवून वाचणारा मात्र कोणीतरी हवा.

मुदतीसाठी आखलेल्या प्रकल्पानंतरचा प्रश्न आंध्रने दाखवून दिलेला आहे. स्वयंसेवी संस्थेचे कार्यकर्ते जातात, पडताळणी करणारे जातात, प्रोत्साहनाचा निधी थांबतो. पर्जन्यमापक ग्रामपंचायतीच्या छतावर राहते. ते दररोज सकाळी साडेआठला वाचून वहीत नोंद करण्यास चार-पाच मिनिटे लागतात. विहिरींची फेरी मारून पातळ्या घेण्यास महिन्यातून एखादा दिवस. या कामाचे मानधन ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात धरले आहे की नाही, आणि वही कोणाच्या घरी असते, याची विचारणा कोणत्याही गावकऱ्याला येत्या ग्रामसभेत करता येईल.